कडक मावशीचा बुधवार

मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे. मित्रांनो, तुमच्या घरची इस्त्री बटण दाबले की तापते आणि बटण दाबले की गप्प होते. माझे तसे नव्हते. माझ्या पोटात निखारे भरावे लागत, झाकण लावून वारा घालावा लागे, आणि मग मी अशी तापत असे की पाण्याचा थेंब माझ्या तळव्यावर नाचून उडून जाई. सध्या मी एका हॉटेलच्या दारात असते. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला तिथे टेकवून ठेवले आहे. येणारे-जाणारे मला पायाने सरकवतात आणि "किती सुंदर जुनी वस्तू" असेही म्हणतात. कौतुक आणि लाथ एकदमच खायची मला आता सवय झाली आहे.

एका ओतारी कारागिराने मला पितळेत ओतले आणि सुताराने लाकडी मूठ बसवली. वजन एवढे भरले की दुकानात आलेल्या एका धडधाकट माणसाने मला उचलले आणि तोंड वाकडे करून परत ठेवले. शेवटी मला घेऊन गेली ती एक काटकुळी बाई. पुढे तिने एका गल्लीत दुकान थाटले, ते म्हणजे बेकरी आणि चष्म्याचे दुकान यांच्यामधल्या जिन्याखालची जागा. घडी घातलेली घोंगडी पसरलेले एक टेबल, पाण्याचा वाडगा, कपड्यांची फळी आणि मागे पडद्याआड एक खाट. कपडा टाकताना प्रत्येक जण "जरा कडक करा हं" म्हणायचा, म्हणून मुले तिला कडक मावशी म्हणू लागली. स्वभावाने ती इतकी मऊ होती, की ज्याने त्याने तिला आपल्या सोयीने दुमडले.

त्या गल्लीत निरनिराळ्या श्रद्धेची माणसे राहत. प्रत्येकाच्या सुट्टीचा वार वेगळा. कोण सुट्टी कशी घालवतो हे मला कोणी सांगावे लागत नसे, कपड्यांवरून समजे. शाळेच्या मास्तरांचा वार शुक्रवार. त्यांच्या विजारीवर गुडघ्यापाशी सारख्या दोन चुण्या असत, आणि सदऱ्याच्या पाठीवर नातवंडांच्या मळक्या हातांचे ठसे. प्रार्थना झाली की मास्तर घोडा होत असणार. चष्मेवाल्या काकांचा शनिवार. त्यांच्या त्या दिवशीच्या कोटाचे खिसे अगदी रिकामे असत, कारण शनिवारी ते कामाच्या कशालाच शिवत नसत. बाहीवर मात्र मेणबत्तीच्या मेणाचा एखादा थेंब सापडे. बेकरीवाल्या बाई रविवारी प्रार्थनेत गात. एवढा जीव ओतून गात, की झग्याच्या बगलेतली शिवण उसवलेली असे. जेवून एका कुशीवर झोपत, म्हणून झगा एकाच बाजूने चुरगळे. आणि एक होते फोटोग्राफर. ते कोणताच देव मानत नसत. सोमवारी स्टुडिओ बंद ठेवून बायकोबरोबर डोंगरावर जात. त्यांच्या विजारीतली कुसळे मावशी एकेक करून काढी. त्यांनाही इस्त्री कडकच लागे. डोंगराला दाखवायला की काय, कोण जाणे.

ही माणसे एकमेकांच्या वाराचा केवढा मान राखत! मास्तर प्रार्थनेला निघाले की बेकरीवाल्या बाई रेडिओ बंद करत. शनिवारी चष्मेवाल्यांपाशी कोणी धंद्याचा विषय काढत नसे. गल्लीत आलेला पाहुणा हे बघून भारावून जाई. मीसुद्धा भारावले होते, खोटे कशाला बोलू?

पण एकाची सुट्टी उद्या, म्हणजे त्याचे कपडे आज. गुरुवारी मास्तरांचे आणि त्यांच्या माणसांचे, शुक्रवारी चष्मेवाल्यांकडचे, शनिवारी बाईंकडचे, रविवारी फोटोग्राफरचे. मधल्या दिवसांत शाळेचे गणवेश आणि हॉटेलच्या चादरी. आठवड्यातला एकही दिवस असा नव्हता, ज्याच्या दुसऱ्या दिवशी कोणाला तरी नीटनेटके दिसायचे नव्हते. मावशी उभीच. बसून मला चालवता येत नाही. अंगाचा भार मुठीवर टाकावा लागतो, तेव्हा कुठे सुरकुती मोडते.

उभे राहून राहून मावशीच्या पायाच्या शिरा फुगल्या. घोट्यापाशी एक जखम झाली आणि ती भरेना. डॉक्टर तिला बजावून म्हणाले, "आठवड्यातून एक अख्खा दिवस पाय वर करून पडून राहा. नाहीतर ही जखम तुम्हाला घेऊन जाईल."

मावशी कधी कोणापाशी काही मागायला गेली नव्हती. त्या दिवशी ती लंगडत चौघांकडेही गेली आणि म्हणाली की बुधवार कोणाचाच नाही, तेवढा मला मिळेल का? चौघांनाही मनापासून आनंद झाला. विश्रांती ही तर देवाचीच आज्ञा आहे, असे मास्तर म्हणाले. ज्याला थांबता येते तोच खरा मोकळा माणूस, असे चष्मेवाले म्हणाले. बेकरीवाल्या बाईंनी तिला जवळ घेतले आणि ताजा पाव दिला. फोटोग्राफर म्हणाले की यात देवाचा काही संबंध नाही, हा तिचा हक्कच आहे. त्यांनी स्वतः सुबक अक्षरांत 'बुधवारी बंद' अशी पाटी रंगवून दिली.

पहिल्या बुधवारी मावशीने माझ्या पोटातली राख झाडली, मला पुसून फळीवर ठेवले आणि खाटेवर उशी घेऊन तिच्यावर पाय ठेवला. मी गार पडले होते. त्या गल्लीत आल्यापासून प्रथमच दुपारी मला रस्त्यावरचे आवाज नीट ऐकू आले. मला फार बरे वाटले, मित्रांनो.

मग दार वाजले. मास्तर होते. अचानक पाहुणे यायचे ठरले होते. "एकच सदरा आहे," ते ओशाळून म्हणाले. "बसल्या बसल्या होईल. घाई नाही, संध्याकाळी नेतो."

मावशी म्हणाली, "ठेवा."

थोड्या वेळाने चष्मेवाले आले. एकच कोट होता. मग बेकरीवाल्या बाईंची मुलगी आली, आईने एकच झगा पाठवला होता. शेवटी फोटोग्राफर आले. संध्याकाळी सभा होती आणि तिथे त्यांचे भाषण होते. विषय होता, साप्ताहिक सुट्टी हा प्रत्येकाचा हक्क. सदरा टेबलावर ठेवत ते म्हणाले, "आज तुमच्याचबद्दल बोलणार आहे, मावशी."

कोणीही दांडगाई केली नाही. कोणी आवाज चढवला नाही. प्रत्येकाला वाटत होते की आपण एकटेच आलो आहोत. आणि मावशी अशी भिडस्त, की एकाचा कपडा दुसऱ्याला दिसून तो खजील होऊ नये म्हणून ती तो टेबलाखाली सरकवत असे. दुपार कलताना तिने निखारे फुलवले. तेव्हापासून दर बुधवारी बाहेर ती सुबक पाटी लटके आणि आत मी तापलेली असे. पाटीमुळे एक सोय मात्र झाली. आत काम चालले आहे हे रस्त्यावरून कोणाला कळत नव्हते.

जखम काळी पडत गेली. एका गुरुवारी दिवेलागणीला मावशीने शेवटचा सदरा घडी करून फळीवर ठेवला, मला विटेवर टेकवले आणि ती भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली. मला आधी वाटले, बसली ते बरे झाले. बेकरीवाल्या बाईंनी तिला पाहिले आणि धावाधाव करून दवाखान्यात नेले. जखमेचे विष अंगभर पसरले होते. पहाटे ती गेली.

तिला नातेवाईक नव्हते. दवाखान्याने विचारले की हिला कोण नेणार आणि निरोप कोणत्या पद्धतीने द्यायचा. चौघे माझ्या टेबलाभोवती जमले. मास्तरांच्या अंगात फळीवरचा तो सदरा होता, कारण शुक्रवार उजाडला होता.

मास्तर हळूच म्हणाले, "आमच्यातली नसावी. आमची असती, तर शुक्रवारी इस्त्री हातात धरली असती का?"

चष्मेवाल्यांनी मान हलवली. "शनिवारी तिचं दार मला कधी बंद दिसलं नाही."

बेकरीवाल्या बाई रडत होत्या. "मी रविवारी गायला निघायची, तेव्हा ही निखारे फुंकत असायची."

फोटोग्राफरनी टेबलावरची घोंगडी सारखी केली. मग म्हणाले, "माझ्यासारखीही नसणार. असती, तर एखाद्या सोमवारी तरी डोंगरावर आली असती."

कोणी खोटे बोलत नव्हते. ज्याने त्याने जे पाहिले तेच सांगितले. मीही ते सारे पाहिले होते, फक्त कोणाच्या कपड्यांवरून मी फिरत होते तेही मला आठवत होते. दुपारी नगरपालिकेची गाडी आली आणि मावशीला बेवारस म्हणून घेऊन गेली. पुढे आपापल्या वारी चौघांनी तिची आठवण काढली असेल. तेवढी माया त्यांना होती. ती आठवण काढताना त्यांच्या अंगावरचे कपडे कोपऱ्यावरच्या नव्या विजेच्या इस्त्रीवाल्याने केलेले असणार.

मित्रांनो, मावशीचाही एक वार होता. त्या गल्लीत येण्याआधी, मी नवी असताना, त्या दिवशी ती मला पेटवत नसे. न्हाऊन ठेवणीतले कपडे घाली, दाराशी बसे आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणे. पोटासाठी तिने तो वार सोडला. तो कोणता, हे मी तुम्हाला सांगणार नाही. सांगितला, तर तुमच्यातले काही जण हळहळून म्हणतील, अरेरे, आमचीच होती की! आणि बाकीच्यांना मोकळे वाटेल.

माझे एवढेच मागणे आहे. सुट्टीच्या दिवशी तुम्ही देवापुढे बसा, गा, झोपा, डोंगरावर जा. तुमचा कपडा, तुमचा पाव, तुमचा रस्ता ज्याने नीट केला, त्याच्याही सुट्टीचा वार विचारून ठेवा. त्या दिवशी त्याचे दार वाजवू नका. कपडा चुरगळलेला असेल, तर तसाच घाला.