खालचा थर

आमच्या लालबागच्या चाळीची हंडी चाळीच्याच माणसांनी फोडायची, हा नियम माझ्या आजोबांच्या वेळचा. यंदा वडाळ्याचं एक पथक फुकट यायला तयार होतं. आमच्या म्होरक्याने, दौलतने, साफ उडवून लावलं. "बाहेरच्यांचे पाय आपल्या हंडीला? आपण काय मेलो काय रे?"

दौलत एकोणसत्तरचा. मी चौसष्टचा, म्हणजे खालच्या थरातला सगळ्यात तरणा गडी! हसू नका. गिरणीच्या जागेवर काचेची ऑफिसं आली, पोरांना पगार आले आणि त्या पगारात इथे घर मिळेना म्हणून पोरं बदलापूरला, पुण्याला, कॅनडाला गेली. राहिले त्यांनी एकेका मुलावर भागवलं. पेपरात रोज वाचतो, देश तरुण आहे म्हणून धावतोय. असेल बुवा. आमच्या तीन मजल्यांत विशीच्या आतलं माणूस एकच, माझी नात अपूर्वा. नुकतीच चौदा पूर्ण झाली.

"माका एकच नात आसा," माझी बायको बकुळा सकाळीच म्हणाली. "कमावतो झील पण एकच. दोघांकय तुमच्या ढोपरांवर चढवतास?"

भीती मलाही वाटत होती, पण दौलतसमोर माघार घ्यायची लाज त्याहून मोठी.

दुपारी अंगणात उभे राहिलो. खाली आम्ही सात म्हातारे, गळ्यात गळे घालून. आमच्यावर पन्नाशीतले तिघे. त्यांच्यावर माझा मुलगा अमित. त्याच्या एकट्याच्या पगारावर आम्ही दोघं, त्याचे सासू-सासरे आणि माझी आंधळी बहीण, अशी पाच तोंडं जगतात. शेवटी अपूर्वा माझ्या पाठीवर पाय देऊन वर गेली. किती हलकी होती! मला रडूच आलं.

पूर्वी थरांभोवती शंभरेक पोरं हात वर करून उभी असत, कोणी पडलं तर झेलायला. आम्ही महिनाभर थर मोजत बसलो, झेलणाऱ्यांचा विचार कोणाच्या डोक्यातही आला नाही. माझ्या तो आत्ता आला. गॅलरीत म्हाताऱ्या टाळ्या वाजवत होत्या. बकुळा वाजवत नव्हती.

"दौलत, उतरव तिला."

"गप रे, पोचली ती."

माझा डावा गुडघा थरथरायला लागला. वरून अपूर्वाचा आवाज आला, "आजोबा, खाली कोणीच नाहीये!"

"आहे गं, आहे," मी ओरडलो, आणि गुडघा वाकला.