सांगता येत नाही

लोणंदच्या त्या घरात मुलगी चहा घेऊन बाहेर आली, क्रांतीला पाहून दचकली आणि पटकन बोलून गेली, "सिस्टर, तुम्ही?" झालं, तिथंच सगळं बिनसलं.

क्रांती रहिमतपूरची, सांगलीच्या एका दवाखान्यात नर्स. धाकट्या भावासाठी, रोहनसाठी, ती आईबरोबर मुलगी बघायला आली होती. प्रियदर्शनीचा फोटो आला तेव्हाच तिनं ओळखलं होतं, आणि मनातून ती हरखली होती. कुपवाडला नोकरी करताना या पोरीला टीबी झाला. घरी कळू न देता तिनं सहा महिने गोळ्या खाल्ल्या, एकही दिवस न चुकवता, आणि ठणठणीत बरी झाली. गोळ्या क्रांतीच्याच हातच्या. "माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही," हा शब्दही क्रांतीचाच.

परतताना गाडीत आईनं, बनाबाईनं, विचारलं, "ती पोरगी तुज्याकडं कशापायी येत हुती गं?"

नवऱ्यामागं लोकांच्या रानात भांगलून या बाईनं दोन लेकरं शिकवली होती. तिच्याशी क्रांती जन्मात कधी खोटं बोलली नव्हती. आणि आता खोटंही बोलायचं नाही, गुपितही फोडायचं नाही, असं दोन्ही साधायला गेली शहाणी!

"आई, त्ये मला सांगता येत न्हाई."

नोकरीत हे वाक्य ती रोज म्हणायची. तिथं त्याचा अर्थ एवढाच, की नियम आहे. घरात मात्र अशा वाक्याचा एकच अर्थ होतो.

चार दिवसांनी मध्यस्थ केरूमामांकरवी नकार गेला. मामांनी कारण विचारलं, तर बनाबाईनं आवाज बारीक करून सांगितलं, "पोट पाडाय गेली आसंल. दुसरं काय लपवत्यात?" मामांच्या पोटात काही राहत नाही. आठवड्यात लोणंदभर झालं.

ऐकलं तशी क्रांती आईकडं धावली. "आई, तसलं काय न्हाई गं! शपथ!"

"मग कसलं हाय, सांग की."

गप्प राहावं तर पोरीच्या अब्रूचे धिंडवडे, बोलावं तर दिलेला शब्द मोडतो. शेवटी क्रांतीनं प्रियदर्शनीलाच फोन लावला. रडतच म्हणाली, "मी काही सांगितलं नाही गं. तू हो म्हण, टीबी होता म्हणून सगळ्यांना सांगते."



"आता कशाला, सिस्टर? आता सांगितलं तर लोक दोन्ही खरं मानतील." तिचा आवाज अगदी सरळ होता, त्यात रागसुद्धा नव्हता. "तवाच खोकल्याचं औषध न्यायला यायची म्हणला असता, तर तुमचं काय गेलं असतं?"