अर्धा श्वास आधी वाजलेली शिट्टी

मित्रांनो, आधी रांगेत बसा आणि गप्पा बंद करा. रागावू नका, तीस वर्षं मी दुसरं काही बोललेच नाही. मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीपासून थोड्या अंतरावर एक बंजारा तांडा आहे. तिथल्या देवीलाल राठोड सरांच्या घरी, खिडकीजवळच्या खिळ्याला मी लटकलेली असते. गेलं वर्ष मी इथूनच पाहिलं आणि त्या वर्षाचीच गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका दूरच्या कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा कापला, वाकवला, डाक लावून जोडला आणि माझ्या पोटात बुचाचा एक छोटा गोळा टाकला. हा गोळा नाचला की माझा आवाज थरथरतो. यवतमाळच्या एका खेळाच्या दुकानात मी फुटबॉलच्या पंपाशेजारी बरेच दिवस पडून होते. एके दिवशी आश्रमशाळेत नुकतेच पीटीचे शिक्षक म्हणून लागलेले देवीलाल सर आले. त्यांनी पाच-सहा शिट्ट्या वाजवून पाहिल्या आणि मला उचललं. घरी त्यांच्या आईने माझ्यासाठी लाल सुताची दोरी वळली आणि तिच्यात एक कवडी ओवली. पहिल्या दिवशी शाळेच्या मैदानावर मी वाजले तेव्हा दोनशे मुलं एकदम सरळ झाली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

सरांची नोकरी पीटीची, पण छंद कबड्डीच्या पंचगिरीचा. दिवाळीनंतर गावोगाव सामने होत. कधी फुलसावंगीला बोलावणं येई, कधी पार केळापूरकडे. सर फटफटीवर आणि मी त्यांच्या गळ्यात, असा आमचा संसार चालायचा. 'देवीलाल सरची शिट्टी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ,' असं लोक म्हणत. हरलेला संघसुद्धा सरांना चहा पाजून पाठवायचा. मला वाटायचं, हे सगळं कौतुक माझंच आहे.

सरांचे धाकटे भाऊ हरिसिंग शेजारीच राहतात. दोन्ही घरांचं अंगण एकच होतं. हरिसिंगची मुलगी सलोनी चालायला लागली तशी सरांच्या मागे फिरायला लागली. कबड्डी तिला सरांनीच शिकवली. अंगणात विटेने रेघ ओढायची, सरांनी तिचा पाय धरायचा आणि तिने दम न सोडता रेघेपर्यंत घसटत जायचं. गुडघे सोलून निघत, पण पोरगी हूं की चूं करत नसे. पुढे ती आर्णीच्या कनिष्ठ महाविद्यालयात गेली आणि तिथल्या संघाची मुख्य चढाईपटू झाली.

आता त्या दिवसाकडे येते. सांगायला जड जातं, पण टाळणार नाही.

मागच्या वर्षी सप्टेंबरात आर्णीला तालुक्याचे शालेय सामने होते. सर ऑक्टोबरअखेर निवृत्त होणार होते, म्हणजे ही त्यांची शेवटची पंचगिरी. मुलींचा अंतिम सामना सलोनीच्या संघाचा होता. जिंकणारा संघ यवतमाळला, जिल्ह्याच्या सामन्यांना जाणार होता. सलोनी बारावीत होती. वयाच्या त्या गटातलं तिचं शेवटचं वर्ष, तेव्हा यवतमाळ गाठायची संधीही शेवटचीच. सर खरं तर त्या सामन्याला पंच म्हणून उभेच राहणार नव्हते. पण दुसरे ज्येष्ठ पंच आजारी पडले आणि आयोजकांनी आग्रह केला.

सामना सुरू होण्याआधी समोरच्या संघाचे सर हसत हसत म्हणाले, "राठोड सर, पोट्टी तं घरचीच हाये. आज शिट्टी कोनाच्या बाजूनं वाजन म्हणता?"

सगळे हसले. सरही हसले. पण मी त्यांच्या मुठीत होते आणि ती मूठ घामाने ओली झालेली मला कळली.

शेवटची चढाई आली तेव्हा सलोनीचा संघ एका गुणाने मागे होता. ती आत घुसली, एकीला शिवली आणि परत वळताना तिघींनी तिला धरलं. एकीने घोटा पकडला, दोघी कमरेला लोंबकळल्या. ती पडली, पण तिचं 'कबड्डी, कबड्डी' चालूच होतं. हात पुढे सरकत होता. मधली रेघ एक वीतभर लांब राहिली होती. रेघेला बोट लागलं असतं तर धरणाऱ्या तिघीही बाद झाल्या असत्या आणि सामना सलोनीच्या संघाचा झाला असता. अशा वेळी चांगला पंच थांबतो. दम चालू आहे आणि हात हलतो आहे, तोवर शिट्टी तोंडात नुसती धरून ठेवायची असते. सर हजार वेळा असे थांबले होते. त्या दिवशी ते थांबले नाहीत. पुतणीसाठी थांबले असं कोणी म्हणेल, या भीतीने त्यांनी मला फुंकलं. माझ्या पोटातला गोळा फिरला, मी वाजले, आणि अर्ध्या श्वासानंतर सलोनीची बोटं चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेघेवर जाऊन टेकली.

सलोनी बाद झाली. बाजूच्या दोन्ही पंचांनी सरांकडे पाहिलं, पण देवीलाल सरांच्या शिट्टीवर कोण बोलणार? सलोनी उठली. बोटांना पांढरी फक्की लागली होती, तिच्याकडे पाहत ती थोडा वेळ उभी राहिली आणि मग मैदानाबाहेर गेली.

हरिसिंग गर्दीतून आले. "भाऊ, दुसऱ्याची पोट्टी असती तं थांबला असता ना तू?"

"पंचाचा निर्णय शेवटचा असते," सर म्हणाले.

"पंचाले कोन इचारून राह्यलं? मी माह्या भावाले इचारून राह्यलो."

सर गुणपत्रकावर सही करायला टेबलाकडे वळले. मित्रांनो, त्याच वेळी त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता. मीही मनातून तेच ओरडत होते. पण मला स्वतःचा श्वास नाही. कोणी फुंकलं तर मी वाजते, नाही तर पितळेचा तुकडा आहे.

ऑक्टोबरअखेर शाळेत निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. एक जण म्हणाला, 'सरांनी घरच्या पोरीलाही सोडलं नाही, असा न्याय.' टाळ्या पडल्या. सर मान खाली घालून बसले होते. हरिसिंगच्या घरातलं कोणीही आलं नव्हतं. घरी आल्यावर सरांनी मला गळ्यातून काढलं, या खिळ्याला अडकवलं आणि पाठ फिरवली. मला वाटलं, सकाळी काढतील. सकाळ झाली आणि ते मला न घेता फिरायला गेले.

एकटेपणा काय असतो ते मला त्या वर्षात समजलं. खिडकीतून मला अंगण दिसतं. पूर्वी दोन घरांमध्ये भाजीच्या वाट्या ये-जा करायच्या, त्या बंद झाल्या. कापूस निघाल्यावर हरिसिंगने पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, कूड घालून अंगणाचे दोन भाग केले. भांडण झालं नाही की आवाज चढला नाही. सरांची पत्नी मोतीबाई कुडाजवळ जाऊन जाऊबाईशी दोन शब्द बोलून येत, पण सर आले की पलीकडून दार लोटलं जायचं.

सरांनी वेळ घालवायचे नाना उद्योग केले. पहाटे पाचलाच त्यांना जाग यायची आणि मग करायला काही नसायचं. परसात दोडके लावले, त्यांना पाणी इतकं घातलं की निम्मे वेल कुजले. तांड्यातल्या भजनात बसायला लागले. छाती पंचाची, आवाज दणदणीत, पण सुराशी छत्तीसचा आकडा. चार दिवसांत भजनवाल्यांनीच हात जोडले. मोबाइलवर कबड्डी लावायचे आणि शेवटची चढाई आली की बंद करायचे.

"आता एक काम करा," मोतीबाई एकदा म्हणाल्या, "कोंबड्याईची पीटी घ्या. त्याईले लई गरज हाये."

सर हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मग मोतीबाई हळूच म्हणाल्या, "जाऊन सांगून काहून नाही देत तुमी? शेजारी तं हाये ते घर."

"काय सांगू?"

"जे तुमाले मालूम हाये ते."

सर उठून दोडक्यांना पाणी घालायला गेले.

सव्वीस जानेवारीला त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. माझ्या अंगावर हिरवट डाग पडले होते. त्यांनी चिंचेच्या कोळाने मला घासलं, धुतलं, पुसलं, ओठांपर्यंत नेलं. मी वाट पाहत राहिले. बराच वेळ त्यांचे ओठ मला टेकून होते, पण श्वास आला नाही. त्यांनी मला परत खिळ्याला लावलं. वर्षभरातलं माझं सगळ्यात मोठं दुःख विचाराल तर हेच.

जूनमध्ये तांड्यामागच्या पटांगणातून एक किरटा आवाज आला. प्लास्टिकची शिट्टी होती ती. सलोनीने बाजारातून आणली होती. बारावी झाल्यावर ती बी.ए.ला गेली, पण स्वतः खेळायचं तिने सोडलं होतं. आता ती संध्याकाळी तांड्यातल्या दहा-बारा मुलींना गोळा करून कबड्डी शिकवत होती. पहिल्या दिवशी मी नाक मुरडलं. ही काय शिट्टी म्हणायची, हिच्यापेक्षा कुकर बरा. सर मात्र तो आवाज आला की हातातलं काम टाकून दारात उभे राहत. पटांगणाकडे एकदाही गेले नाहीत.

मग श्रावणात तीज आली. आमच्या तांड्यात लग्न न झालेल्या मुली नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, घरी टोपल्यांत गहू पेरतात, नऊ दिवस गाणी म्हणत पाणी घालतात आणि शेवटच्या दिवशी ते गव्हाचे कोंब उपटून तांड्यातल्या माणसांना वाटतात. कोणी पागोट्यात खोचतं, कोणी खिशात ठेवतं. त्या दिवशी निघताना सर खिळ्यापाशी थांबले आणि मला शर्टाच्या खिशात टाकून घेऊन गेले. का ते मला कळेना.

नायकाच्या अंगणात सगळा तांडा जमला होता. सलोनी कोंब वाटत वाटत पुढे आली. सरांपुढे आल्यावर तिने हात पुढे केला, पण नजर दुसरीकडे ठेवली. सरांनी कोंब घेतले नाहीत. तांड्याचं बोलणं गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत चालतं. तुम्हाला कळावं म्हणून मी ते इकडच्या बोलीत सांगते.

"नायक, जरा थांबा. मले एक सांगाचं हाये." सरांचा आवाज भजनातल्यापेक्षा बारीक होता. "मांगच्या साली आर्णीले सलोनीचा दम तुटला नोता. हात चालू होता. शिट्टी म्या आधी वाजवली. लोक म्हणतीन घरच्या पोरीसाठी थांबला, त्या भेवानं वाजवली. दुसऱ्याची पोरगी असती तं थांबलो असतो. माहा निर्णय चुकला."

हरिसिंग जमिनीकडे पाहत होते.

"मले तवाच मालूम होतं, मोठे बाबा," सलोनी म्हणाली. "शिट्टी आधी आयकू आली, मंग माही बोटं टेकली."

"मंग सालभर बोलली काहून नाही?"

"तुमी बोलान म्हणून." तिने आता सरांकडे सरळ पाहिलं. "मैदानावर बोलले असते तं मी यवतमाळले गेली असती."

"हो," सर म्हणाले.

तिने कोंब त्यांच्या हातात ठेवले. सरांनी दुसऱ्या हाताने मला खिशातून काढलं आणि तिच्यापुढे धरलं. "हे घे. पितळी हाये. दूरवर आयकू जाते."

मित्रांनो, माझा जीव त्या क्षणी हरखला. नवा गळा, नवं मैदान, दहा-बारा पोरी. सलोनीने मला पाहिलं, हात मात्र लावला नाही.

"राहू द्या, मोठे बाबा. माह्यापाशी हाये."

ती पुढच्या माणसाकडे गेली. दोन पावलांवरून वळून म्हणाली, "उद्या सांजच्याले या मैदानावर. पोट्ट्याईले घोटा धरता येत नाही बराबर."

दुसऱ्या दिवसापासून सर रोज संध्याकाळी पटांगणात जातात. हरिसिंगही कधीकधी येऊन बांधावर बसतात, असं मोतीबाई जाऊबाईला सांगताना मी ऐकलं. घरात पुन्हा हसणं ऐकू येतं. मला याचा आनंद आहे, अगदी मनापासून. पण सर जाताना मला नेत नाहीत. सलोनी यवतमाळच्या मैदानावर खेळली नाही ती नाहीच, आणि तिला अडवणारा आवाज माझा होता. मला खिशात घालून ते तिच्यासमोर उभे कसे राहतील? मी त्यांना दोष देत नाही. संध्याकाळी खिडकीतून पोरींचं 'कबड्डी, कबड्डी' ऐकू येतं. दम लांबत जातो, धूळ उडाल्यासारखा गलका होतो, आणि सगळं थांबल्यावरच ती किरटी शिट्टी वाजते. एकदाही आधी नाही. आता मी तिला नावं ठेवत नाही.

मित्रांनो, तुमच्या हातात कधी शिट्टी आली तर घाई करू नका. लोक काय म्हणतील म्हणून तर मुळीच फुंकू नका. आणि फुंकलीच चुकून, तर त्याच जागी, त्याच वेळी तोंडाने सांगून टाका. तुम्हाला तोंड आहे. आणि कोणाच्या घरी खिळ्याला माझ्यासारखी एखादी जुनी शिट्टी दिसली, तर तिला काढून एकदा ओठांशी धरा. वाजवली नाही तरी चालेल. नुसता थोडा श्वास आत जाऊ द्या.