ओढ्याच्या अलीकडचे घर

ज्या वर्षी आमच्या गावातील काचेचा कारखाना बंद झाला, त्या वर्षीचा संपूर्ण हिवाळा मी एका वहीत घालविला. ब्रॅडफील्डजवळील एका गोदामात मला काम मिळाले होते व उन्हाळ्यात तिकडे बिऱ्हाड हलविणे निश्चित होते. परंतु बिऱ्हाड नेमके कोठे थाटावे, हा प्रश्न माझ्या कन्येच्या कानांशी निगडित होता. डेला नऊ वर्षांची. तिला जन्मतः अत्यल्प ऐकू येते. मूल कोणत्या सरकारी शाळेत बसेल हे आमच्या ओहायोत बापाच्या इच्छेवर ठरत नाही, तर घर कोणत्या शाळाक्षेत्रात उभे आहे त्यावर ठरते. म्हणून मी वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे ब्रॅडफील्ड, उजवीकडे हार्लो.

राज्याने शाळांना दर्जानुसार दिलेले तारे, एका वर्गातील मुलांची संख्या, बसचा प्रवास, वर्षाअखेरीस नोकरी सोडून जाणारे शिक्षक, असे सर्व मी लिहून काढले. दुपारच्या जेवणात फळ मिळते की नाही, याचीही नोंद केली. वस्तुतः निर्णय एकाच ओळीत होता. ब्रॅडफील्डमध्ये ऐकू न येणाऱ्या मुलांचा स्वतंत्र वर्ग होता. हार्लोमध्ये अशा मुलांची शिक्षिका आठवड्यातून फक्त एक सकाळ येत असे.

"किती दिवस तेच ते घोटणार आहेस, व्हर्लिन?" माझी पत्नी मार्लिस भांडी पुसता पुसता म्हणाली. "शाळा बघतोयस की पोरीला नवरा?"

"तपासून घेतलेलं बरं."

"मग घरही तपास. शाळेच्या ऑफिसात एक फोन कर, हा पत्ता तुमच्यात येतो का म्हणून."

"पत्त्यातच ब्रॅडफील्ड लिहिलंय. मला वाचता येतं अजून."

तिने फडके दोरीवर टाकले आणि विषय सोडला.

आम्ही भाड्याने घेऊ पाहत होतो ते घर ओढ्याकाठी होते, करड्या रंगाचे, लहान. मालकीण मिसेस टॉलिव्हर वयोवृद्ध होत्या. "ब्रॅडफील्डच हो," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षं माझी पत्रं तिथूनच येतात." त्या असत्य बोलल्या नाहीत. मी वर्षाच्या करारावर स्वाक्षरी केली.

एप्रिलमध्ये आम्ही डेलाला तो वर्ग दाखविण्यास नेले. रोविना नावाची एक मुलगी तिच्यापुढे येऊन उभी राहिली आणि दोघींचे हात बोलू लागले. माझ्या कन्येचे हात इतक्या वेगाने चालताना मी कधी पाहिले नव्हते. त्यातील एक शब्दही मला उमगला नाही. कारखान्यात दोन पाळ्या करणाऱ्या मनुष्यास खुणांची भाषा शिकण्यास वेळ कोठून मिळणार, असे मी नऊ वर्षे स्वतःस सांगत आलो होतो. मार्लिस शिकली होती, तेवढे पुरे होते. परतताना डेला मागच्या आसनावरून हातवारे करीत राहिली.

"काय म्हणतेय?" मी विचारले.

"म्हणतेय, इथली मुलं सारखी काय काय म्हणून विचारत नाहीत."

ऑगस्टमध्ये मी नाव नोंदविण्यास गेलो. खिडकीतील बाईंनी संगणकात पत्ता टाकला, थोडा वेळ पाहिले आणि त्याचा पडदा माझ्याकडे वळविला. त्यावर नकाशा होता.

"मिस्टर स्टकी, तुमचं पोस्ट ब्रॅडफील्डचं आहे. घर नाही. आमची हद्द ओढ्यापाशी संपते. तुम्ही हार्लोत येता."

"पण पत्ता तर..."

"पत्ता पोस्टाचा असतो हो. दर ऑगस्टला अशी दोन-तीन घरं येतात माझ्याकडे."

"बाहेरचं एखादं मूल घेत नाही का तुम्ही?"

"घेतो. पण त्या वर्गात नाही. तो फक्त आमच्या हद्दीतल्या मुलांसाठी आहे." त्यांनी आवाज हळू केला. "तुम्ही आधी फोन करायला हवा होता."

गोदामातील माझा सोबती रोली याने मार्ग सांगितला. "माझा पत्ता लाव. ओक लेन, ब्रॅडफील्डच्या हद्दीतच आहे. तुम्ही माझ्याकडेच राहता, असं मी शपथेवर लिहून देतो."

"आणि कळलं तर?"

"मुलं खरी कुठे राहतात ते बघायला शाळेचा माणूस फिरतो कधी कधी गाडीमागून. पण पोरीकडून पाठ करून घे. कोणी विचारलं की ओक लेन. बाकी पोरांना सगळी गाणी पाठ असतात, तिला दोन शब्द जमणार नाहीत?"

मी घरी येऊन मार्लिसला रोलीने शपथेवर लिहून दिलेला कागद दाखविला. तिने तो पूर्ण वाचला.

"तू शिकव तिला," ती म्हणाली. "माझ्या हातांनी मी हे करणार नाही."

मी ग्रंथालयातून खुणांचे पुस्तक आणले. गोदामाच्या मधल्या सुटीत खोक्यांच्या आड उभा राहून तीन दिवस सराव केला. रविवारी दुपारी स्वयंपाकघरात डेलाच्या समोर बसलो आणि हातांनी म्हणालो, मी ओक लेनला राहते.

तिचा चेहरा जसा उजळला, तसा तो माझ्यामुळे कधीही उजळला नव्हता. बाबा शिकला होता. तिने माझा अंगठा धरून सरळ केला. मी वाक्य पुन्हा केले व तूही कर असे सुचविले. तिने नकारार्थी मान हलविली, खिडकीबाहेर बोट दाखविले आणि सावकाश काही म्हणाली.

"म्हणते, बाबा, चुकलास," मार्लिस भिंतीपाशी उभी राहून म्हणाली. "आपण पाण्याजवळ राहतो."

मी पुन्हा ओक लेन म्हणालो. डेला रागावली नाही. लहान मुलास शिकवावे तशी तिने माझी तीन बोटे उभी केली, माझ्याच हनुवटीला टेकविली आणि माझ्याकडून ती खूण करवून घेतली. पाणी. पुन्हा एकदा. पाणी. मला जमले तेव्हा तिने टाळी वाजविली.

मी रोलीचा कागद घडी करून खिशात ठेवला.

"मग?" मार्लिसने विचारले.

"हार्लो," मी म्हणालो.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी व डेला रस्त्याच्या कडेला उभे होतो. ओढ्यापलीकडे ब्रॅडफील्डची पिवळी बस थांबली. मागच्या खिडकीत रोविना होती. तिचे हात हलले, ते मला दुरूनही दिसले. डेलाने उत्तर दिले. त्यातील 'पाणी' एवढेच मला कळले. ती बस पुलाकडे न वळता सरळ निघून गेली.

पाच मिनिटांनी हार्लोची आली. डेला पायऱ्या चढली, पुढच्या आसनावर बसली. शेजारच्या मुलाने तिला काहीतरी विचारले, मग तेच पुन्हा विचारले. बस सुटली तेव्हा तिचे दोन्ही हात झग्याच्या खिशात होते. त्या दिवशी सोमवार होता. खुणांची शिक्षिका गुरुवारी येणार होती.