डॉक्टरांच्या डब्याचा उदासपणा

डॉक्टरांनी खाली टॉवेल अंथरून डबा काउंटरवर ठेवला. महिन्याभरात ही तिसरी खेप.

“अजून उदासच आहे,” ते म्हणाले.

काउंटरमागच्या दुरुस्तीवाल्याला सगळा रस्ता फूटपट्टी म्हणायचा. एक तर तो तसाच उंच, सरळ आणि सपाट होता, आणि दुसरं म्हणजे मोजल्याशिवाय त्याचा कशावर विश्वास बसत नसे. बायको म्हणाली चहा गार झालाय, तर तो आधी थर्मामीटर बुडवून बघायचा. आता बायकोने सांगणंच सोडलं होतं.

डॉक्टर दातांचे. दवाखाना बंद केल्यावर त्यांनी आयुष्यातली एक हौस पुरी केली होती, ती म्हणजे हा डबा. त्याला डॅक म्हणतात. संगणकात गाणं आकड्यांच्या रूपात असतं. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करून पुढे धाडायचा, एवढंच याचं काम. साधा, मुठीत मावणारा डबाही ते करतो, असं फूटपट्टीचं मत. डॉक्टरांचा डबा मात्र कलिंगडाएवढा जड होता आणि त्याला अर्धा तास ‘तापवल्याशिवाय’ डॉक्टर ऐकायला बसत नसत.

“उदास म्हणजे नक्की काय?” फूटपट्टीने वही उघडली.

“पूर्वी गाणारा समोर बसून गायचा. आता गातो, पण त्याचं मन थाऱ्यावर नसतं.”

“हे कितव्या हर्ट्झला होतं?”

डॉक्टरांनी डब्याखालचा टॉवेल सारखा केला. फूटपट्टीने वही मिटली आणि डबा यंत्राला जोडला. पडद्यावर रेघ उमटली ती इतकी सपाट, की तिच्यावर गोटी ठेवली असती तर घरंगळली नसती. त्याने कागद छापून पुढे सरकवला.

“कागद उत्तम आहे,” डॉक्टर म्हणाले. “पण मी कागद ऐकत नाही.”

“आणि मी कानांवर विसंबत नाही. कानाला शून्यावर आणायचं बटण नसतं.”

“पस्तीस वर्षं मी ड्रिलच्या आवाजावरून कीड किती खोल गेलीय ते ओळखलंय.”

“रोग्याच्या ओरडण्यावरून कळत नव्हतं ना, नक्की?”

डॉक्टरांनी डबा उचलला नाही. ते स्टुलावर बसूनच राहिले. शेवटी फूटपट्टी कंटाळून म्हणाला, “चला, तुमच्या घरीच मोजतो. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे.”

डॉक्टरांच्या दिवाणखान्यात ऐकायची खुर्ची मधोमध होती आणि ती इंचभरही हलू नये म्हणून तिच्या चारही पायांभोवती पेन्सिलीने गोल काढलेले होते. तारा जमिनीला टेकल्या की आवाज मळतो, असं डॉक्टरांनी कुठंतरी वाचलं होतं. म्हणून त्यांनी तारा जुन्या रोग्यांच्या जबड्यांच्या प्लास्टरच्या साच्यांवर ठेवल्या होत्या. अठरा जबडे भिंतीकडेने रांगेत, प्रत्येकाच्या दातांत तार.

फूटपट्टीने याकडे कानाडोळा केला. खुर्चीत डॉक्टरांचं डोकं जिथे येतं तिथे त्याने मायक्रोफोन उभा केला आणि यंत्रातून एक लांब शीळ सोडली, जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत. मग त्याने पिशवीतून एक जुना कागद काढला. दोन वर्षांपूर्वी हे सगळं त्यानेच बसवलं होतं, आणि स्वतःचं एकही मोजमाप त्याने आजवर फेकलेलं नव्हतं. त्याने दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात बघितले. मग परत बघितले.

“डॉक्टर, खोली जास्त घुमतेय. पूर्वी आवाज लगेच विरायचा, आता रेंगाळतोय.”

डॉक्टर बसल्या जागेवरून अर्धे उठले. “म्हणजे माझे कान बरोबर.”

“कान बरोबर, डबाही बरोबर. इथून काहीतरी हललंय. गालिचा? पडदा? कपाट?”

“काहीही नाही. मी कशाला हात लावू देत नाही.”

डॉक्टरांच्या बायको चहा घेऊन आल्या होत्या. ट्रे ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, “आई गेली की.”

फूटपट्टीने कोपऱ्यातल्या रिकाम्या सोफ्याकडे पाहिलं.

सासूबाई अडीच वर्षं या घरात होत्या आणि रोज दुपारी उजव्या कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसायच्या. सोफा तिघांचा होता, पण त्या बसल्या की एकट्यांचाच व्हायचा. वर लोकरीची शाल, मांडीवर उशी. गाणं रंगात आलं की त्या म्हणायच्या, “हा अजून तेच म्हणतोय का? मघाशी कळलं की आम्हाला.” डॉक्टर दात आवळून गप्प बसायचे. महिन्यापूर्वी त्या धाकट्या लेकीकडे गेल्या, तेव्हा त्यांची बॅग डॉक्टरांनी स्वतः उचलली होती, आणि तीही शीळ घालत.

“माणसाचं अंग आवाज पितं,” फूटपट्टी हळूच म्हणाला. “मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा त्या तिथे बसल्या होत्या, हे मी लिहायला विसरलो. आईंचा साधारण घेर...” त्याने टेप काढली.

“तो आकडा कुठेही लिहायचा नाही,” बायको म्हणाल्या.

मग फूटपट्टीने पलंगावरची कापसाची गादी गुंडाळली, दोरीने बांधली, वर घोंगडी घातली आणि सोफ्यावर बसवली. शीळ सोडली. नवी रेघ जुन्या रेघेवर तंतोतंत बसली. “झालं,” तो म्हणाला. “आता गादी म्हणजेच आई.”

डॉक्टरांनी गाणं लावलं, डोळे मिटले आणि बऱ्याच वेळाने मान हलवली. “नाही. अजून कुणीतरी कमी आहे.”

“रेघ तीच आहे.”

“असेल.”

फूटपट्टीचं तोंड कडू झालं. वाद मिटवायचा एकच मार्ग होता. डॉक्टरांच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, कधी गादी ठेवायची, कधी खऱ्या सासूबाई, आणि त्यांना ओळखायला लावायचं. पण त्यासाठी खऱ्या सासूबाई लागणार होत्या. डॉक्टरांनी तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा ठेवला. चौथ्यांदा तो लागलाच.

“आई, मी बोलतोय.”

“कोण गेलं?” पलीकडून सासूबाईंनी विचारलं. जावयाचा फोन त्यांना कधी आलाच नव्हता.

“कुणी नाही. तुम्ही एक दुपार आमच्याकडे येऊन बसाल का?”

“बसून काय करू?”

“नुसतं बसा.”

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग त्या म्हणाल्या, “तुमची तब्येत बरी आहे ना?”

रविवारी दुपारी त्या आल्या. डॉक्टरांच्या डोळ्यांवर नॅपकिन बांधला. फूटपट्टीने नाणं उडवून क्रम ठरवला. काटा आला की सासूबाई येऊन बसायच्या, छापा आला की कण्हत उठून स्वयंपाकघरात जायच्या आणि त्यांच्या जागी गादी यायची. डॉक्टर ओळखू नयेत म्हणून गादीच्या वेळीही बायको मुद्दाम सोफा करकरवायच्या.

दहा फेऱ्या झाल्या. डॉक्टरांनी दहाही बरोबर ओळखल्या.

फूटपट्टी मटकन खाली बसला, जबड्यांच्या शेजारीच. पंचवीस वर्षं तो म्हणत आला होता की यंत्राला दिसत नाही ते कानाला ऐकू येत नाही. त्याने पुन्हा शीळ सोडली. रेघा तशाच होत्या, एकीवर एक. “हे शक्य नाही,” तो पुटपुटला, आणि त्याचा चेहरा इतका उतरला की सासूबाईंनी त्याला आपल्या बशीतली बिस्किटं दिली.

“अहो, त्यात काय एवढं?” बायको म्हणाल्या. “आई गुडघ्यांना निलगिरीचं तेल चोळते. मला तर जिन्यावरच कळतं ती आली ते.”

फूटपट्टी उठला. वाळत घातलेल्या कपड्यांचा चिमटा आणून त्याने तो डॉक्टरांच्या नाकाला लावला. पुन्हा दहा फेऱ्या झाल्या. आता डॉक्टरांची पाच उत्तरं बरोबर आली आणि पाच चूक. एकदा तर ते अगदी ठामपणे म्हणाले, “हीच आई, ही ऊब गादीला येणार नाही.” ती गादी होती. सासूबाईंनी ते स्वयंपाकघरातून ऐकलं.

डॉक्टरांनी नॅपकिन सोडला, चिमटा काढला आणि नाक चोळत बसून राहिले. फूटपट्टीला आनंद व्हायला हवा होता, पण समोर एवढा पडलेला चेहरा पाहून त्याला तो होईना. “पाच काही वाईट नाहीत,” तो म्हणाला.

“मग निष्कर्ष काय?” सासूबाईंनी विचारलं. “वीस फेऱ्या उठबस केलीय मी, या गुडघ्यांनी.”

“आवाजाच्या दृष्टीने तुमच्यात आणि गादीत फरक नाही,” फूटपट्टी म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याने जीभ चावली.

“गादीचा उपयोग नाही,” डॉक्टर एकदम म्हणाले. मग ते घुटमळले. “गादी मध्ये बोलत नाही. मी सबंध महिना गाणं ऐकतोय आणि ते संपेपर्यंत कुणी एक शब्द काढत नाही. ऐकवायचं कुणाला?”

सासूबाईंनी जावयाकडे जरा वेळ निरखून पाहिलं. “खरं सांगू? मी ऐकत नव्हतेच. निम्मा वेळ झोपलेली असायचे. तिकडे धाकटीकडे टीव्ही, मिक्सर, दोन जुळी. महिन्याभरात दुपारचा डोळा लागलेला नाही.” त्यांनी शाल ओढून घेतली. “राहीन मी. पण तो रडका गायक बंद. काहीतरी वाजवायचं लावा, बासरीबिसरी.”

डॉक्टरांनी बासरी लावली. पाच मिनिटांत सासूबाई घोरायला लागल्या. मायक्रोफोन अजून चालूच होता. फूटपट्टीने पडद्याकडे पाहिलं. खालच्या बाजूला एक डोंगर उगवत होता आणि खाली बसत होता, उगवत होता आणि खाली बसत होता.

“डॉक्टर,” तो कुजबुजला, “आजवरचं सगळ्यात वाईट मोजमाप आहे हे. निम्मी बासरी घोरण्यात बुडालीय.”

डॉक्टरांनी तोंडावर बोट ठेवलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. “आता बरोबर वाजतोय,” ते म्हणाले.

फूटपट्टीने वाद घातला नाही. यंत्र मिटलं, तारा गुंडाळल्या आणि तो पाय न वाजवता बाहेर पडला. दुकानात पोचल्यावर त्याने कामाची वही काढली. ‘तक्रार’च्या रकान्यात ‘आवाज उदास’ असं आधीच लिहिलेलं होतं. ‘दुरुस्ती’च्या रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबलं. शेवटी त्याने लिहिलं, ‘सासूबाई पूर्ववत बसवल्या’, आणि खाली तारीख घातली.