कुल्फीच्या फ्रीजरमधली पुस्तकं

भीमपूरच्या वाचनालयात प्रतिभाताई बावीस वर्षं ग्रंथपाल होत्या, आणि आलेला एकही कागद त्यांनी कधी न वाचता बाजूला सारला नव्हता. नेमकी हीच सवय त्यांना नडली.

आदिलाबादला ग्रंथपालांचं शिबिर झालं. तिथं मोबाइलवर 'फीड' लावायला शिकवलं. बातम्या शोधत दहा ठिकाणी हिंडायला नको. एकदा आवडीच्या संकेतस्थळांची नावं भरून ठेवली, की तिथं नवं काही आलं रे आलं की आपल्या फोनवर हजर. प्रतिभाताई हरखल्या. दिसेल ते नाव त्यांनी भरलं. दिल्लीची ग्रंथपाल संघटना भरली, हैदराबादची भरली, कुठल्याशा परदेशातलं जुन्या नकाशांचं दालनही भरलं.

चौथ्या दिवशी फोनवर आकडा आला: न वाचलेल्या बातम्या, १,१४३.

ताईंनी कंबर कसली. भाजी निवडताना वाचलं, ऑटोत वाचलं, वरण करपलं तरी वाचलं. आठवडा उलटला, आकडा काही हटेना. शेवटी त्यांनी रंजीताला फोन लावला. ती नार्नूरची ग्रंथपाल. शिबिरात दोघी एकाच बाकावर बसल्या होत्या.

"रंजीता, मी वाचून राह्यले अन् हे वाढूनच राह्यलं गं! काल साठ वाचल्या, आज ऐंशी आल्या. वरून तपासणी होते का याची?"

रंजीताला हसू आवरेना. "ताई, तुमच्याकडं पुस्तकं किती हायेत?"

"सहा हजार."

"समदी वाचली तुमी?"

"येडी हायेस का?"

"मंग याच्यासाठी काऊन जीव काढता? कामाचं ठेवा, बाकीचं उडवा."

ताईंनी फोन ठेवला. मग उडवायला बसल्या. नकाशांच्या दालनावर बोट ठेवताना हात जरा अडखळला, पण तेही गेलं. पाच नावं उरली.

सोमवारी त्या पाचांतून एक बातमी आली आणि ताई खुर्चीतून उठल्याच. मराठीच्या कपाटात दोन महिन्यांपासून कीड लागली होती. पुस्तक उचललं की खालून पिठासारखा भुगा सांडायचा. डांबरगोळ्या झाल्या, कडुनिंबाचा पाला झाला. कीड मजेत होती. बातमीत लिहिलं होतं: पुस्तकं प्लास्टिकमध्ये हवाबंद बांधा, कडक थंडीच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. किडे मरतात, अंडीसुद्धा मरतात.

असा फ्रीजर गावात एकच होता, मोतीरामच्या कुल्फीच्या दुकानात. डिसेंबर सुरू होता. कुल्फी कोण खातंय? ताई पिशव्या घेऊन थेट तिथं गेल्या.

"मोतीराम, तुमचा फ्रीजर रिकामाच हाय ना?"

"रिकामाच हाय मॅडम. काऊन?"

"पुस्तकं ठेवायची हायेत. चाळीस."

मोतीरामनं पिशव्यांकडं पाहिलं, मग ताईंच्या तोंडाकडं. "बरं हाय ना तुमचं?"

ताईंनी फोन पुढं केला आणि सगळी बातमी वाचून दाखवली. मोतीराम डोकं खाजवत म्हणाला, "किडे बाहेर आले तर माझं दुकान बसलं."

"एकात एक दोन पिशव्यांत बांधलं हाय. अन् आले तरी थंडीनं मेलेलेच येतील."

पुस्तकं आत गेली. दोन आठवडे ताई रोज येता-जाता फ्रीजरच्या झाकणावर हात ठेवून जायच्या. वीज गेली की पहिला फोन मोतीरामला. तोही वैतागून "झाकण उघडलं नाही मॅडम!" असं ओरडायचा.

मुदत संपली. पुस्तकं बाहेर काढली, बातमीत सांगितल्याप्रमाणे दिवसभर तशीच बांधून ठेवली, मग उघडली. ताईंनी पांढऱ्या कागदावर एकेक पुस्तक झटकलं. मेलेले किडे पडले. एकही हलला नाही. पुस्तकं परत कपाटात लावून आठ दिवस खाली कागद अंथरून पाहिलं. भुग्याचा कण नाही. ताईंनी भिंग लावून दोनदा खात्री केली आणि मग टाळीच वाजवली. वाचत बसलेले चार जण दचकले.

रंजीताला सांगितल्यावर ती म्हणाली, "ताई, आमच्या कपाटातही तेच हाय. पण माझ्या ओळखीत फ्रीजर फक्त मासळीवाल्याकडं!"

"मंग तीन पिशव्या बांध," प्रतिभाताई म्हणाल्या.