साडेपाच गुण

फुगीर पोट, आवळलेला गळा, खाली बोटभर दांडी आणि गोल पाय. मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, ही तर छोटी फुलदाणी. पण माझ्यात कधी कुणी फूल ठेवले नाही. मी चव पारखण्याचा काचेचा पेला आहे. माझी काच आता पूर्वीसारखी लखलखत नाही. तरी जे पाहिले ते सांगण्याइतकी धुगधुगी अजून आहे.

माझा जन्म इंग्लंडमधल्या स्टाउरब्रिजच्या एका काचभट्टीत झाला. कारागिराने लोखंडी नळीच्या टोकाला तापलेल्या काचेचा गोळा घेतला, गाल फुगवून फुंकर घातली आणि मला पोट आले. माझ्याबरोबर माझा एक जुळा भाऊही घडला. आमच्या दोघांच्या दांडीत हवेचा एकेक बारीक बुडबुडा राहून गेला, म्हणून आम्हांला सदोष मालाच्या टोपलीत टाकले. तिथून हेडली पार्डोने आम्हांला उचलले. विक्रेता बुडबुडा दाखवू लागला, तर तो म्हणाला, "माझ्या बिअरमध्येही बुडबुडे असतात. चालायचंच."

हेडली वूस्टरशायरमधल्या एका लहान गावात राहत होता. आमच्याकडे शेतांत उंच तारांवर हॉप्सचे वेल चढतात. त्यांच्या हिरव्या, कडवट फुलांशिवाय बिअर होत नाही. ती फुले वाळवायचे विटांचे एक जुने घर हेडलीने घेतले होते आणि तिथे तो बिअर करत असे. ज्या वर्षी मी आलो, त्या वर्षी त्याने पहिल्यांदा बार्लीवाइन केली. नावात वाइन असली तरी ती जवाचीच बिअर. पण दाट, तांबूस आणि भलतीच जोरकस. हेडली तीत हॉप्सची फुलेही सढळ हाताने घाली. ती वर्षभर बाटलीत मुरवायची आणि मगच उघडायची. घाई करणाऱ्याला ती दाद देत नाही.

दर नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आयव्हर बेब येई. हा वेल्समधून आलेला दंतवैद्य, हेडलीचा जुना मित्र. माझा भाऊ हेडलीच्या हातात असे आणि मी आयव्हरच्या. तो मला खिडकीच्या उजेडात धरून रंग पाही. मग मला तळहातात घेऊन ऊब देई, नाक माझ्या गळ्यापाशी आणी, एक घोट घेई आणि तोंडातली चव विरेपर्यंत छताकडे बघत बसे. त्यानंतर दहापैकी गुण सांगे. ते ऐकेपर्यंत हेडली चीजचा तुकडासुद्धा तोंडात घालत नसे.

पहिल्या वर्षी आयव्हर म्हणाला, "चार. आणि त्यातले दोन रंगाचे."

"चार?" हेडलीचा चेहरा पडला. "अरे, दात उपटून उपटून तुझी जीभ सुन्न झालीये."

"सुन्न पेशंटची करतात, लेका. माझी शाबूत आहे, म्हणून तर त्रास होतोय. ही माणसांसाठी केलीस की घोड्यांसाठी?"

हेडली महिनाभर त्याच्याशी बोलला नाही. पण पुढच्या वेळी त्याने जव वेगळे भाजून घेतले आणि फुले उशिरा घातली. त्या खेपेला सहा गुण मिळाले. असे करत करत ती बार्लीवाइन पंचक्रोशीत नावाजली. गावच्या पबमध्ये लोक आधी विचारत, "आयव्हरनं किती दिले?" एकदा साडेआठ मिळाले, तेव्हा हेडलीने वाळवणघराला नवा दरवाजा बसवला. येईल त्याला तो सांगे, "हा साडेआठचा दरवाजा." ते माझे वैभवाचे दिवस होते. मला मऊ कापडाने पुसत, खिडकीजवळच्या कपाटात पहिल्या ओळीत ठेवत. आलेगेले विचारत, "हाच का तो पेला?"

मग हेडलीला पोटाचा आजार जडला. उपचारांनी त्याचे केस गेले, अंगातले बळ गेले आणि शेवटी जिभेची चवही गेली. "पाणीसुद्धा लोखंडासारखं लागतं," तो म्हणे. त्याची मुलगी ग्वेंडा शेजारच्या शहरात मुलांना पोहायला शिकवत असे. ती काम सोडून घरी आली.

त्या सप्टेंबरात हॉप्सची तोडणी झाली आणि हेडलीने पुन्हा बार्लीवाइन करायला घेतली. तो खुर्चीत बसून सांगे आणि ग्वेंडा पोती उचले. नाताळ आला. कपाटात मागच्या वर्षीची मुरलेली बाटली तयार होती, पण हेडली म्हणाला, "या वेळी नवीच उघडू."

"बाबा, ती अजून कच्ची असेल."

"असू दे. मला आत्ताच कळायला हवं."

पुढच्या वर्षापर्यंत का थांबायचे नाही, हे कुणीच विचारले नाही.

त्या दुपारी ग्वेंडा स्वयंपाकघरात मला पुसत होती. आयव्हर मागच्या दाराने आत आला, कोट काढू लागला. ग्वेंडा खालच्या आवाजात म्हणाली, "काका, आज ती कशीही असो, दहा द्या."

आयव्हरचा हात कोटाच्या बाहीतच थांबला. "दहा मी कुणालाच दिले नाहीत गं."

"माहीत आहे. म्हणूनच सांगतेय."

"त्याला ते आवडणार नाही."

"चार दिवस झाले, बाबांनी धड खाल्लेलं नाही. एक सुखाचा शब्द मागतेय मी तुमच्याकडे. तुमचा शब्द माझ्या बाबांपेक्षा मोठा आहे का?"

आयव्हरने कोट खुंटीला लावला आणि मला तिच्या हातून घेतले.

बाटली उघडली. बार्लीवाइन माझ्यात उतरली तेव्हा संत्र्याच्या सालीचा आणि डिंकाचा उग्र वास सुटला. आयव्हरने उजेडात धरले, हुंगले, घोट घेतला. त्याच्या कपाळावर बारीक आठी उमटली आणि लगेच पुसली गेली. तो नेहमीसारखा छताकडे बघत बसला. पण त्याची बोटे माझ्या दांडीवर इतकी घट्ट आवळली होती की मला भीती वाटली.

"हं, बोल," हेडली म्हणाला. माझा भाऊ त्याच्यापुढे भरलेला होता, पण त्याने तो ओठाला लावला नव्हता. लावून काय कळणार होते?

"दहा," आयव्हर म्हणाला.

हेडलीने आयव्हरकडे पाहिले, मग ग्वेंडाकडे.

"दहा," तो सावकाश म्हणाला. "म्हणजे माझं काही खरं नाही तर."

"काय बोलतोस हे, हेडली?"

"डॉक्टर 'बघू, बघू' म्हणतात. ही पोर हसत हसत सूप आणून देते. खरं सांगणारा तू एकटा होतास. आज तूही त्यांच्यासारखाच बोललास."

ग्वेंडा तोंड फिरवून चीज कापू लागली. थोड्या वेळाने आयव्हर कोट घेऊन निघून गेला. त्या दिवशी मला कुणी धुतले नाही. उरलेला घोट माझ्या तळाशी तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा आला. हेडली खिडकीपाशी पडून होता. आयव्हर उभ्या उभ्याच म्हणाला, "साडेपाच."

हेडलीने मान वळवली. "काय?"

"साडेपाच. आणि त्यातही मी हात सैल सोडलाय."

"काका!" ग्वेंडा दारातून ओरडली.

हेडलीने तिला हाताने थांबवले. "का कमी? काय चुकलं?"

"घाई झाली. कडवटपणा जिभेला धरून बसतो. खाली मनुकांचा, जळक्या साखरेचा गोडवा आहे, चांगला आहे, पण त्याला वर यायला वाटच नाही. आणि घशात जाळ होतो."

"फुलं कोवळी होती. मला तेव्हाच वाटलं होतं," हेडली म्हणाला. तो उशीला टेकून उठून बसला. "किती मुरायला हवी?"

"तीन हिवाळे."

तीन हिवाळे म्हणजे काय, ते दोघांनाही कळत होते. पण हेडली इतकेच म्हणाला, "मग तू थांब. मध्येच उघडू नकोस." मग तो किती तरी वेळ फुलांबद्दल, जवाबद्दल, बाटलीच्या बुचाबद्दल बोलत राहिला. दुपारी त्याने पाव मागून घेतला आणि अर्धा खाल्ला.

ग्वेंडाने मात्र आयव्हरला त्याच दिवशी दाराशी गाठून सांगितले, "पुन्हा येऊ नका." हेडलीने तिची समजूत घालून पाहिली. तो म्हणाला, "अगं, दहा मिळाले तेव्हा मी मेल्यातच जमा होतो. साडेपाच मिळाले आणि मी पुन्हा बिअर करणारा झालो." तिला ते पटले नाही. फेब्रुवारीत हेडली गेला. अंत्यविधीनंतर घरी जमलेल्या गर्दीत माझा भाऊ कुणाच्या तरी हातून फरशीवर पडला आणि फुटला. तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात गेले. मी खोक्यात भरला गेलो आणि वाळवणघराच्या माळ्यावर पडलो. शेजारीच त्या शेवटच्या बार्लीवाइनच्या बाटल्या होत्या. ग्वेंडाला त्या विकवेनात आणि उघडवेनात.

मित्रांनो, काचेला अंधार टोचत नाही, पण उपयोग नसणे टोचते. माझ्यावर धूळ चढली. एक कोळी माझ्यात राहून गेला. खाली दरवाजा वाजला की मला वाटे, आयव्हर आला. तो आला नाही, कारण त्याला येऊ नको असे सांगितले होते.

मग बऱ्याच वर्षांनी एका थंडीत ग्वेंडा माळ्यावर चढली. तिने खोके उघडले, मला कोमट पाण्यात धुतले, एक बाटली पिशवीत घातली आणि आम्हांला घेऊन निघाली. आयव्हर आता वृद्धाश्रमात आहे, हे तिला आदल्या दिवशीच कळले होते.

तो खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. तिने त्याचा हात हातात घेतला. "काका, मी ग्वेंडा. माझं चुकलं होतं. बाबांना त्या सकाळनंतरच बरं वाटलं होतं, आणि ते मी तुम्हांला कधी सांगितलं नाही."

आयव्हर तिच्याकडे बघून सौजन्याने हसला. एखाद्या अनोळखी बाईकडे बघून हसावे तसा.

तिने बाटली उघडली, थोडी माझ्यात ओतली आणि मला त्याच्या हातात दिले. त्याने मला उजेडात धरले नाही. हुंगले नाही. घटकन घोट घेतला, ओठ पुसले आणि म्हणाला, "छान आहे."

इतक्या वर्षांत हा शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"गुण किती, काका? दहापैकी?"

"तू म्हणशील तेवढे," तो म्हणाला.

ग्वेंडाने मला त्याच्या हातातून घेतले आणि स्वतः एक घोट घेतला. चव विरेपर्यंत ती थांबली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज स्थिर होता. "सात," ती म्हणाली. "घशातला जाळ गेलाय. शेवटी थोडं कडू राहतंच."

आयव्हरने मान डोलावली. कुठून कोण जाणे, त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर ओळख आली. "हेडलीला सांगितलंस का?" त्याने विचारले.

"नाही, काका," ती म्हणाली. "आता बाबा नाहीत."

मित्रांनो, मला जपायला फारसे काही लागत नाही. कोमट पाणी, मऊ फडके आणि अधूनमधून कुणाचा तरी हात. माणसांना याहून जास्त लागते. तुमच्या घरी कुणी आजारी असेल, तर त्याला सूप द्या, पांघरूण द्या, पण त्याच्या कामाबद्दल त्याने विचारले तर खोटी वाहवा देऊ नका. तो अजून आहे, हे त्याला खऱ्या उत्तरातूनच कळते. आणि ते उत्तर, ऐकणारा समोर असेपर्यंत द्या.